ताज्या अंगाचा वेग

भिवंडीत संध्याकाळी सातच्या सुमाराला कुस्ती, कराटे, बॉक्सिंग किंवा तायक्वांदो शिकायला जी मुलं येतात, त्यांतली कितीतरी दारात पाऊल टाकतानाच दमलेली असतात. कुणी यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्याने काढलेली असते. कुणी काल्हेर, पूर्णा, वळ या पट्ट्यातल्या गोदामांत दिवसभर खोकी चढवली-उतरवलेली असतात. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणावा, तर तोही कल्याण नाक्याच्या वाहतुकीत ताटकळून आलेला. वर्ग सुरू होतो तो धावण्याने. मग बैठका, मग जोर, मग पोटाचे व्यायाम. मांड्या थरथरू लागल्या, श्वास छातीत मावेनासा झाला, की सर म्हणतात, "चला, आता ठोसे. जोरात! पटापट!"

त्या वेळी मारलेला ठोसा जोरातही नसतो आणि पटकनही नसतो. तो कसाबसा मारलेला ठोसा असतो. तसे शेकडो ठोसे रोज मारले की शरीर तेच शिकतं: सावकाश आणि सैल मारायला. ही पुस्तिका हा क्रम उलटा करण्यासाठी लिहिली आहे. वेगाचा आणि स्फोटक ताकदीचा सराव आधी, अंग ताजं असताना, मोजका, आणि दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती देऊन. दमसास वाढवणारी मेहनत त्यानंतर. सांगायचं आहे ते एवढंच. पण ते एका ओळीत सांगून भागत नाही. आपल्याकडे घाम म्हणजेच मेहनत हे समीकरण इतकं पक्कं आहे की दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा असलेला मुलगा आपल्याला कामचुकार वाटतो. तो त्या दोन मिनिटांत काय कमावतो, हे आधी पाहू.

ए. व्ही. हिल हे इंग्लंडमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. स्नायूत निर्माण होणाऱ्या उष्णतेवर त्यांनी केलेल्या कामाला १९२२ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून त्यांनी एक साधा वाटणारा नियम मांडला. स्नायूवर ओझं जितकं जास्त, तितका तो सावकाश आकसतो. ओझं कमी केलं की वेग वाढतो, पण लागणारं बळ घटतं. बळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ओझं इतकं जड असेल की ते हलतच नाही, तर वेग शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. ओझं नसेलच, तर बळ शून्याजवळ, म्हणून गुणाकार पुन्हा तसाच. हा गुणाकार सगळ्यात मोठा होतो तो मधल्या पट्ट्यात, स्नायूच्या कमाल बळाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास.

हिल यांची ही वक्ररेषा प्रत्येक प्रशिक्षकाने भिंतीवर काढून ठेवावी असं मला वाटतं. जिममध्ये जाऊन फक्त जड वजनं उचलणारा मुलगा रेषेच्या एका टोकाला राबत असतो. आरशासमोर हवेत शेकडो ठोसे मारणारा दुसऱ्या टोकाला. दोघांच्याही हाती काहीतरी लागतं, पण समोरच्याला मागे सारणारा ठोसा मधल्या पट्ट्यात घडतो, आणि तिथला सराव दोघांनीही केलेला नसतो. मऊ पण वजनदार गोळा छातीपासून भिंतीवर फेकणं, जागची लांब उडी, दहा-वीस मीटरची सुसाट धाव, जोडीदाराला कमरेतून उचलून पुन्हा ठेवणं, हे त्या पट्ट्यातले व्यायाम आहेत. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. स्नायूला आपलं पूर्ण बळ लावायला सेकंदाच्या तीनदशांशाहून अधिक वेळ लागतो. लाथेसाठी जमिनीला दिलेला रेटा, पटात शिरताना टाकलेलं पाऊल, ठोशाची सुरुवात, हे सगळं त्याच्या आतच आटोपलेलं असतं. म्हणजे एखाद्याच्या अंगात एकूण ताकद किती, यापेक्षा पहिल्या क्षणात त्यातली किती बाहेर येते, हे लढतीत अधिक मोलाचं. ही गोष्ट मज्जासंस्थेच्या ताब्यात असते. मेंदूने स्नायूतंतूंना किती झपाट्याने हाक दिली, त्यावर ती ठरते. १९९३ मध्ये डेव्हिड बेम आणि डिग्बी सेल या कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की पाय जखडलेला असला आणि प्रत्यक्ष हालचाल होत नसली, तरीही "झटकन हलवायचाय" या इराद्याने केलेला प्रयत्न वेगासाठीचा फायदा देतो. इरादा हाच मुख्य व्यायाम आहे. आणि दमलेल्या, चाळीसावी बैठक कशीबशी पुरी करणाऱ्या मुलाच्या मनात त्या क्षणी इरादा एकच असतो, की हे एकदाचं संपावं.

तिसरी गोष्ट इंधनाची. पहिल्या दहाएक सेकंदांच्या पूर्ण जोराच्या कामाला स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा वापरतो. तो झटक्यात संपतो, आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. भिंतीला टेकलेला मुलगा हा साठा भरत असतो. त्याला तिथून हुसकून पुन्हा उड्या मारायला लावलं, तर शरीर दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या इंधनाकडे वळतं. घाम येतो, धाप लागते, आणि वेगाचा सराव गुपचूप दमाचा सराव होऊन जातो.

हे सगळं शास्त्र बाहेरचं, आणि आपल्या तालमीत नुसता घाम गाळला जात होता, असं मात्र कुणी समजू नये. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. तो कल्याणीचा राजा. पण हे कल्याण आपल्या खाडीपलीकडचं नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात मल्लविनोदाचा भाग आहे, आणि त्यात पैलवानाचे श्रम वेगवेगळे सांगितले आहेत: भार उचलण्याचे, पायी फिरण्याचे, पाण्यात पोहण्याचे, खांबावरचे. प्रत्येक गुणासाठी वेगळी मेहनत, ही समज आपल्याकडे आठ-नऊशे वर्षांपूर्वी लेखी स्वरूपात होती. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी खांबावरच्या मेहनतीला नवं रूप दिलं, तो आजचा मल्लखांब. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. तो चाळताना नजरेत भरते ती साधनांची आणि प्रकारांची रेलचेल. मुद्गल, करेला, लेझीम, पट्टा, बोथाटी, लाठी: एकाच मापाने सगळं मोजणाऱ्यांचं हे काम वाटत नाही.

मल्लखांबाकडे तर प्रत्येक प्रशिक्षकाने मुद्दाम पाहावं. एक मुलगा धावत येतो, खांबावर झेप घेतो, पकडी आणि आसनं झटपट बदलत मिनिटभरात काम संपवून उतरतो, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत काही मिनिटं जातात. कुणी वेळ लावून दिलेला नसतो. खांब एक आणि मुलं दहा, म्हणून ती रांग लागते. पण त्या रांगेत नेमकी तीच विश्रांती आहे, जी आज खेळशास्त्राची पुस्तकं घड्याळ लावून द्यायला सांगतात. म्हणून मल्लखांबावरची पोरं हलकी, झपाट्याची आणि पकडीला पक्की होतात.

मग हजार बैठकांचं काय? बैठकांचं मोल मी कमी लेखत नाही. ज्या कुस्तीसाठी त्या होत्या, त्या कुस्तीला त्या हव्याच होत्या. मातीतल्या जुन्या कुस्तीला वेळेचं बंधन नसे. चितपट होईपर्यंत झुंजायचं, मग ते कितीही लांबो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. तिथे उतरणाऱ्या मल्लाला आधी टिकावं लागे, आणि टिकण्यासाठी मांड्यांत, मानेत, छातीत अमर्याद दम हवा असे. हौदा उकरणं, माती उलथणं, शेकड्यांनी जोर आणि बैठका, यांतून तो दम येई. आज आंतरराष्ट्रीय कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. महाराष्ट्र केसरीतही मातीच्या जोडीला गादी आली. तायक्वांदोची फेरी दोन मिनिटांची, बॉक्सिंगची तीन. आणि आपल्या आगरी गावांतून ज्या खेळाचं वेड आहे त्या कबड्डीत चढाईला मिळतात फक्त ३० सेकंद. खेळाचं घड्याळ बदललं, सराव मात्र तोच राहिला. दम हवाच, पण पहिल्या दोन सेकंदांत गुण घेता आला नाही, तर उरलेला दम वापरायची वेळच येत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे टाळता येत नाही. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा लहान चणीचे होते. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. तिथे रीस गार्डनर या प्रशिक्षकाकडून त्यांना गादीवरचे डाव शिकायला मिळाले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैशांची अडचण होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. ढाक लावायला मांडीत ताकद हवी हे खरं, पण तो लागतो तो समोरच्याचं वजन एका पायावर आलेल्या क्षणी, आणि तो क्षण डोळ्याचं पातं लवण्याइतका असतो.

हेलसिंकीतली दुसरी हकीकत मला या पुस्तिकेसाठी जास्त महत्त्वाची वाटते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी खाशाबांची लढत खूप लांबली आणि ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांच्यासमोर उभं केलं गेलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो दाखवून द्यायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा दमल्या अंगाने उतरले आणि ती लढतही गेली. इशींना सुवर्ण, ममदबेयोव यांना रौप्य. अर्धा तास मिळाला असता तर निकाल काय लागला असता, याचा तर्क करायचं कारण नाही. पण जगातल्या पहिल्या तिघांत बसणाऱ्या मल्लालासुद्धा विश्रांतीचा नियम लागू होता, एवढं त्यावरून कळतं. मग पाळी करून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तो का नसावा?

आता जोर नेमका येतो कुठून, याकडे वळू. नवशिक्याला वाटतं ठोसा हातात असतो. १९८५ मध्ये फिलिमोनोव आणि सहकाऱ्यांनी सोव्हिएत बॉक्सरांच्या ठोशांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. कसलेल्या बॉक्सरांच्या ठोशात पायांच्या रेट्याचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त भरला. नवख्यांमध्ये तो सहाव्या हिश्श्याच्या आसपासच होता, आणि बाकीचं काम धड आणि हात करत होते. आपल्याकडे मर्दानी खेळाचे वस्ताद हेच सांगतात, फक्त मोजमाप न करता. पट्टा हातात यायच्या आधी पवित्रे शिकावे लागतात. पाऊल कुठे पडतं, टाच कधी उचलते, कंबर कधी वळते, हे बसल्याशिवाय पट्टा फिरवणं म्हणजे नुसता हात फिरवणं. कराटेतली कंबर, कुस्तीतला बगलडूब, कबड्डीतली लाथ, सगळ्यांचं मूळ जमिनीवरच्या त्या रेट्यात आहे. म्हणून या पुस्तिकेत पायांच्या कामाला हातांच्या कामापेक्षा दुप्पट जागा दिली आहे, आणि ते मी विचारपूर्वक केलं आहे.

रेट्यानंतर येते ती सैल सोडण्याची कला. भिवंडीच्या मुलाला हे समजवायला मागासारखं दुसरं उदाहरण नाही. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे जातो. काठीचा फटका त्याला बसतो तो क्षणभरच. पुढचा सगळा पल्ला धोटा त्या एका झटक्यावर काटतो, मध्ये कुणी त्याला ढकलत नाही, आणि पलीकडच्या पेटीत त्याला थोपवण्याची सोय असते. २०१० मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी मिश्र मार्शल आर्टच्या अव्वल खेळाडूंचे स्नायू मोजले, तेव्हा असंच दिसलं. प्रहार सुरू होताना स्नायू कडक होतात, मधल्या वाटेत सैल पडतात, आणि आघाताच्या क्षणी पुन्हा कडक होतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दात-ओठ खाऊन मारलेला ठोसा स्वतःच्याच आखडलेल्या स्नायूंशी भांडत पुढे जातो. खांदे पाडा, जबडा सैल सोडा, मूठ शेवटच्या क्षणी आवळा, असं प्रशिक्षक पुनःपुन्हा ओरडून सांगतात, त्यामागे हे कारण आहे. आणि धोट्याला पेटी लागते तशी हाताला थोपवणाऱ्या स्नायूंची गरज असते. पाठीचे, खांद्यामागचे स्नायू कच्चे असतील, तर शरीर हात पूर्ण वेगाने सोडतच नाही. स्वतःला इजा होईल म्हणून ते आपणहून आवरतं घेतं. दोरीला लटकणं, ओढण्याचे व्यायाम, मुद्गल, यांची जागा वेगाच्या सरावात ही आहे.

वेगाचा मोठा हिस्सा डोळ्यांत आणि स्पर्शात असतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. दिवा लागताना पाहून बटण दाबायला तरुण माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि सरावाने हा आकडा फारसा खाली येत नाही. त्यातही समोर पर्याय अनेक असले तर निर्णयाला वेळ वाढतो. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हे मोजून दाखवलं. मग अनुभवी मल्ल इतका चपळ कसा दिसतो? तो आधी ओळखतो. समोरच्याचा खांदा किंचित पडला, मागच्या पायावरचं वजन हललं, कोपर बरगडीपासून सुटलं, एवढ्यावरून पुढचा डाव त्याला कळतो. मनगट धरून खडाखडी करणारा पैलवान तर डोळ्यांच्याही आधी हाताने ओळखतो. ही ओळख जिवंत माणसाशी झुंजूनच येते. बॅगेवर कितीही ठोसे मारले तरी येत नाही. त्यामुळे जोडीचा सराव, ठरवून दिलेल्या दोन-तीन डावांपुरता मर्यादित, आणि तोही अंग ताजं असताना, याला या पुस्तिकेत बरीच पानं दिली आहेत.

जोडीचा सराव म्हटला की जोडीदाराचा प्रश्न येतो. पूर्ण वेगाने लाथ मारायची तर समोर पॅड धरणारा मुलगा डगमगणार नाही, ऐनवेळी हात मागे घेणार नाही, याची खात्री हवी. ती नसली की मारणारा आपोआप हात आखडतो आणि अर्ध्या वेगाचा सराव करतो. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांमधून हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना नियमित एकत्र बसवायला सुरुवात केली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. मोमीन, पद्मशाली, आगरी, मराठा, उत्तर भारतीय घरांतली पोरं आज एकाच वर्गात एकमेकांसाठी पॅड धरतात. शाळेत, वस्तीत, नात्यागोत्यात त्यांच्या वाटा वेगळ्या असतील. इथे एकाच्या बरगड्यांची जबाबदारी दुसऱ्याच्या हातात असते. प्रशिक्षकाने जोड्या लावताना वजन आणि उंची बघावी, आडनाव बघू नये, आणि जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात. सरावाच्या गुणवत्तेसाठीसुद्धा हे गरजेचं आहे: नेहमीच्याच एका मित्राची चाल पाठ झालेला मुलगा अनोळखी चालीपुढे गोंधळतो.

आता आपल्या गावच्या अडचणी, आणि सोयीही. सोयींपैकी पहिली म्हणजे चिंध्या. जड बॅग विकत घ्यायला पैसे नसतील तर जाड ताडपत्रीची पिशवी शिवून घ्यावी आणि कारखान्यातून निघणाऱ्या चिंध्या ठासून भराव्यात. वाळू भरू नये. ती तळाला बसून दगडासारखी होते आणि मनगटं जातात. फेकायचा गोळाही तसाच करता येतो, जुन्या फुटबॉलच्या कातड्यात चिंध्या आणि थोडी वाळू मिसळून, दोन-तीन किलोचा. उड्यांसाठी सिमेंटची फरशी टाळावी. मातीचं मैदान नसेल तर जुन्या गाद्या किंवा रबरी पट्टे अंथरावेत.

अडचणींतली सगळ्यात मोठी आहे झोप. मागावरची पाळी दिवसाची आणि रात्रीची बदलत राहते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मुलगा दिवसा पत्र्याखाली, उकाड्यात, मागांच्या खडखडाटात चार तास कसाबसा झोपतो. त्या आठवड्यात त्याच्याकडून उड्या आणि सुसाट धावा करवून घेणं म्हणजे घोट्याला, गुडघ्याला दुखापतीचं आमंत्रण. त्याला डावांची संथ उजळणी द्यावी, सांधे मोकळे करणारे व्यायाम द्यावेत, आणि घरी लवकर सोडावं. गोदामात हमाली करणाऱ्याच्या पाठीवर दिवसभर पुरेसं ओझं पडलेलं असतं, त्याला पुन्हा जड वजनं कशाला? त्याला हलक्या वजनाचे झटक्याचे व्यायाम द्या, तेही पंधरा मिनिटं. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मुलांचा वेगाचा सराव इफ्तारनंतर तासा-दोन तासांनी घ्यावा, फेऱ्या निम्म्या कराव्यात. मगरिबच्या आधी, दिवसभर पाणी न प्यालेल्या अंगाने, उड्या आणि धावा मुळीच नकोत. एप्रिल-मे मधला इथला दमट उकाडा आणि जून-जुलैमधल्या ओल्या फरश्या, या दोन्हींचा विचार करून वर्षाची आखणी केली आहे.

मुलींच्या बाबतीत एक सांगायलाच हवं. त्यांना हलकं, नाजूक काहीतरी द्यायचं, हा गैरसमज कित्येक वर्गांत आजही आहे. उडी, फेक, धाव, ओढणं या सगळ्याचा त्यांनाही तितकाच उपयोग होतो, आणि व्यायामाची रूपरेषा तीच राहते. उडीवरून उतरताना गुडघा आत वळण्याकडे मात्र प्रशिक्षकाचं काटेकोर लक्ष हवं, कारण मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते.

खाण्याविषयी लांबलचक लिहायची गरज वाटत नाही. डाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी, दूध, मासळी, चिकन, यांतलं घरात जे परवडतं ते रोज आणि पोटभर खावं. डब्यातल्या भुकट्यांवर पगार उधळू नये. आणि झटपट अंग भरण्यासाठी कुणी इंजेक्शन सुचवलं, तर त्या माणसाची सावलीसुद्धा वर्गावर पडू देऊ नये. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, प्लास्टिक गुंडाळून घाम काढण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, तिने अठराच्या आतल्या मुलांची मूत्रपिंडं धोक्यात येतात आणि वेग तर आधीच गेलेला असतो. मुलाला वरच्या गटात खेळवावं.

पुस्तिकेची रचना थोडी अनपेक्षित वाटेल. पहिल्या प्रकरणात उडी नाही; उडीवरून उतरणं आहे. गुडघे आणि कमरेत वाकून, आवाज न करता जमिनीवर येता आलं, की मगच उडी. युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली उंचावरून उतरून तत्क्षणी उसळण्याची पद्धत सगळ्यात शेवटच्या प्रकरणात आहे, आणि ती वर्षभर पाया घातलेल्या, वयाने वाढ पुरी झालेल्या खेळाडूंसाठीच. मधली प्रकरणं धाव, फेक, ओढ, प्रहार आणि जोडीचा सराव अशी लावली आहेत. प्रत्येक व्यायामापुढे फेऱ्यांच्या संख्येइतक्याच ठळक अक्षरांत विश्रांतीचा वेळ छापला आहे.

प्रगती मोजायला खडू आणि टेप पुरे. भिंतीला समांतर रेघ आखावी, तिथून जागची लांब उडी मारायला लावावी, टाचेपर्यंतचं अंतर वहीत लिहावं. दर सोमवारी, वर्गाच्या सुरुवातीला, तीन उड्या, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. आकडा वाढत असेल तर आठवड्याचा ठरलेला सराव पुढे चालू ठेवावा. सलग दोन सोमवार तो घटला, तर त्या मुलाला आधी विचारावं: पाळी कुठली चालू आहे, किती तास झोपलास, आज काय खाल्लंस. मग त्याच्या फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा मोजावं.